शीटमागचा माणूस : गास्पार मोंज

एफ.ई.ला असताना खांद्याला शीटचा कंटेनर आणि काखेत ड्राफ्टर घेऊन कॅन्टीनसमोरून धावत गेला नाही, असा इंजिनियर शोधूनही सापडायचा नाही. ब्रँच मेकॅनिकल असो, सिव्हिल असो की कॉम्प्युटर, इंजिनियरिंग ड्रॉइंग नावाचं प्रकरण कुणालाच चुकलेलं नाही. एच.पी., व्ही.पी., एक्स-वाय लाइन, ट्रू लेंग्थ... नुसते शब्द ऐकले तरी आजही काही जणांच्या पोटात गोळा येतो. सबमिशनच्या आदल्या रात्री दोन खुर्च्यांवर काच ठेवायची, खाली ट्यूब लावायची आणि जीटी मारता मारता सिलॅबस करणाऱ्याचा उद्धार करायचा, ही आपल्या होस्टेलची जुनी परंपरा! पण ज्या माणसाने हे सगळं उभं केलं त्याचं नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? परीक्षेत ते कधी विचारत नाहीत, व्हायवाला तर नाहीच नाही.

मी ह्या माणसाच्या वाटेला गेले ती निव्वळ वैतागातून. टी.ई.ला आम्हाला डिझाइनचा मिनी प्रोजेक्ट आहे. आमच्या ग्रुपने खुरप्याची मूठ घेतली. दिवसभर शेतात खुरपणाऱ्या बाईच्या तळहाताला फोड येऊ नयेत, मनगट अवघडू नये, अशी मूठ. शाडूच्या मातीत ती अर्ध्या तासात तयार झाली. तीन-चार जणींनी हातात धरून दाबून बघितली, की झालाच आकार! पण टर्मवर्कला एक ठरावीक सॉफ्टवेअरच चालतं. ते सॉफ्टवेअर वाईट आहे असं नाही. प्लेट, शाफ्ट, फ्लँज, भोकं, भिंती ह्यांच्यासाठी उत्तम. मात्र तळहाताच्या खळग्यासारखा वळत जाणारा पृष्ठभाग त्यात काढायचा म्हणजे पोळपाट-लाटण्याने जिलबी करायची. मुठीचे आडवे छेद एकेक करून काढत आम्ही तीन रात्री घालवल्या. आणि मार्क कशाला? तर लेयरची नावं आणि टायटल ब्लॉक बरोबर आहे का, ह्याला. मूठ हातात कशी बसते हे कुठल्याच रकान्यात नव्हतं.

अशी चिडचिड चालू असताना आमच्या एका मॅडमनी मोंजबद्दल वाचायला सुचवलं. वाचत गेले आणि वाटलं की हे आपल्या सगळ्यांना कळायला हवं. (मी शाळेपासून कॉन्व्हेंटची. त्यामुळे जिथे मराठी शब्द सुचला नाही तिथे आपण लेक्चरला वापरतो तोच शब्द ठेवला आहे. मराठी विभागाच्या संपादकांनी सांभाळून घ्यावं!)

गास्पार मोंजचा जन्म ९ मे १७४६ रोजी फ्रान्समधल्या बोन ह्या गावी झाला. बर्गंडी प्रांतातलं हे छोटंसं गाव, द्राक्षमळ्यांसाठी आणि वाइनसाठी प्रसिद्ध. म्हणजे आपलं नाशिकच समजा. वडील छोटे व्यापारी, घर अगदी साधं. त्या काळच्या फ्रान्समध्ये माणूस कुठल्या घरात जन्मला ह्यावर तो पुढे काय होणार हे जवळजवळ ठरून जायचं. सरदार-उमरावांची मुलं अधिकारी व्हायची, बाकीच्यांनी त्यांची कामं करायची. पण मुलांनी शिकावं हा ह्या बापाचा हट्ट होता. गास्पार गावातल्या पाद्र्यांच्या शाळेत शिकला. एका अर्थी तोही कॉन्व्हेंटचाच! पुढे तो लियों शहरात शिकायला गेला आणि हुशारी अशी, की वयाच्या सतराव्या वर्षी तिथेच त्याला फिजिक्स शिकवायला उभं केलं. आपण सतराव्या वर्षी सीईटीचे क्लास करत होतो.

१७६४ मध्ये तो गावी परतला आणि एक उद्योग अंगावर घेतला. अख्ख्या बोन गावाचा मोठ्या स्केलचा नकाशा काढायचा! सर्व्हेची उपकरणं जवळ नव्हती. ती त्याने स्वतःच बनवली. सिव्हिलच्या मित्रांना सांगायला नको की प्लेन टेबल, चेन आणि थिओडोलाइट सगळं हाताशी असूनही आपला ट्रॅव्हर्स क्लोज होता होत नाही. ह्या अठरा वर्षांच्या मुलाने घरगुती साधनांनी काढलेला नकाशा इतका नेटका होता, की तो बघून एका लष्करी अधिकाऱ्याने त्याची शिफारस मेझिएरच्या शाळेकडे केली.

मेझिएरची ही शाळा म्हणजे फ्रान्सच्या राजाची लष्करी इंजिनियरिंगची शाळा, १७४८ साली सुरू झालेली. किल्ले बांधणारे आणि किल्ले फोडणारे इंजिनियर तिथे तयार व्हायचे. त्या काळी युरोपात ह्या विषयाचं ह्याहून चांगलं शिक्षण मिळणं अवघड. मोंज मोठ्या आशेने तिथे पोचला आणि दारातच अडला. अधिकाऱ्यांच्या वर्गात बसायचं तर उच्च कुळ लागायचं आणि छोट्या व्यापाऱ्याच्या मुलाकडे ते कुठून असणार? मेरिट लिस्टमध्ये नाव आहे, पण ॲडमिशन नाही, अशी गत! त्याला घेतलं ते दुय्यम विभागात. तिथे नकाशे आणि ड्रॉइंगच्या कॉपी करायच्या, दगड कसे घडवायचे हे दाखवायला प्लास्टरची मॉडेल बनवायची, असली कामं चालायची. ह्या विभागाला लोक हेटाळणीने गिलावा कालवण्यावरून ठेवलेल्या नावाने ओळखत. थोडक्यात, उमरावांच्या मुलांनी थिअरी करायची आणि मोंजसारख्यांनी त्यांच्यासाठी जीटी मारायची.

दुसरा कुणी असता तर कुढत बसला असता किंवा बॅग भरून बोनला परतला असता. मोंज राहिला. हात चालू ठेवले आणि डोळे उघडे ठेवले. प्लास्टरचे ठोकळे कापताना, कमानीच्या दगडाचा तिरका कोन बसवताना, एखादा घन आकार सपाट कागदावर कसा उतरवायचा ह्याचा विचार त्याच्या डोक्यात सतत चालू असणार.

वर्षभरात त्याच्यासमोर ते काम आलं. वय साधारण वीस. म्हणजे आत्ता माझं आहे तेवढंच!

काम होतं एका किल्ल्याच्या आराखड्याचं. किल्ल्याभोवती टेकड्या असतात आणि शत्रू त्यांच्यावर तोफा चढवतो. मग तटाची भिंत कुठे आणि किती उंच बांधली म्हणजे टेकडीवरून सरळ येणारा मारा आतल्या सैनिकांना लागणार नाही? भिंत कमी पडली तर माणसं मरणार. उगाच उंच केली तर पैसा, दगड आणि वेळ वाया जाणार. म्हणजे उत्तर अचूकच हवं. त्यासाठी शाळेची एक ठरलेली पद्धत होती. भोवतालच्या अनेक जागांच्या उंच्या आणि अंतरं घ्यायची आणि मग आकडेमोड करत सुटायचं. एक जागा झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. मध्येच भिंत थोडी हलवावी लागली, की पुन्हा पहिल्यापासून. कॅल्क्युलेटर नाही, एक्सेल नाही. ह्या पद्धतीत कामाला खूप वेळ लागतो हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यात बदलण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नव्हतं.

मोंजच्या लक्षात आलं की मुळात हा प्रश्न आकड्यांचा नाही, आकारांचा आहे. आपल्याला ओळखीच्या वस्तूवरून सांगते. आपली जीटीची काच डोळ्यांसमोर आणा. ती तिरकी धरा. खालची कड किल्ल्यात, जिथल्या माणसांना वाचवायचंय तिथे ठेवा आणि काच भोवतालच्या टेकड्यांच्या माथ्यांना वरून नुसती टेकू द्या. आता सगळ्या टेकड्या काचेच्या खाली आहेत. तटाची भिंत ह्या काचेला भिडेल एवढी उंच करा. टेकडीवरून निघालेला गोळा काचेच्या खालून निघणार. भिंतीच्या माथ्यावरून जायचं तर त्याला काचेच्या वर यावं लागणार. आणि सरळ रेषेत जाणारी वस्तू एकदा वर आली की पुढे वरच राहणार. म्हणजे काचेखालची माणसं सुरक्षित! ह्यात हिशोब कुठे आहे? आहे ती फक्त एक तिरकी प्लेन आणि ती कुठे टेकते हे शोधण्याची भूमिती.

मोंजने आकडेमोड बाजूला ठेवली, भूमितीने प्रश्न सोडवला आणि ठरलेल्या वेळेच्या कितीतरी आधी उत्तर नेऊन दिलं.

आणि इथे गंमत झाली. शाळेच्या प्रमुख अधिकाऱ्याने ते तपासायलाच नकार दिला. कारण काय, तर इतक्या लवकर हे होणं शक्य नाही! एवढ्या वेळात आकडेमोड पूर्ण होत नाही, त्याअर्थी हा पोरगा काहीतरी ठोकून देतोय. उत्तर चूक आहे असं कुणीच दाखवलं नाही. ठरलेल्या पद्धतीचा शिक्का त्यावर नव्हता, बास.

मी हे वाचलं तेव्हा आमच्या मुठीची शीट आठवली, हे सांगायला नकोच. पण पुढे मोंजने जे केलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तो चिडून निघून गेला नाही. मुकाट्याने जुन्या पद्धतीचे कागद भरायलाही बसला नाही. त्याने हेका धरला की एकदा तपासून तरी बघा. अखेर त्यांनी तपासलं. उत्तर तंतोतंत बरोबर निघालं. आणि ज्याला कुळ नाही म्हणून वर्गात बसू दिलं नव्हतं, त्यालाच ही नवी पद्धत भावी अधिकाऱ्यांना शिकवायला सांगितलं!

एक गोष्ट लक्षात घ्या. मोंजची तक्रार ऐकली गेली, कारण तिच्यासोबत तपासता येईल असं उत्तर होतं. आम्हीही त्यावरून एक केलं. तीच मूठ दोन्ही प्रकारे तयार केली, एकदा नेमून दिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये आणि एकदा वक्र पृष्ठभागांसाठी असलेल्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. दोन्हींना लागलेले तास लिहिले, मातीचं मॉडेल शेजारी ठेवलं आणि पुढच्या वर्षीपासून विषयानुसार सॉफ्टवेअर निवडू द्यावं असा अर्ज डिपार्टमेंटला दिला. उत्तर अजून यायचंय. पण निदान कुणीतरी ती मूठ हातात धरून बघितली.

आता मोंजच्या पद्धतीकडे येऊ या, कारण पुढे अख्ख्या जगाने ती घेतली. एखादी वस्तू दोन प्लेनवर बघायची, एक आडवी आणि एक उभी. आडवीवर वरून पडलेली प्रतिमा आणि उभीवर समोरून पडलेली प्रतिमा. मग दोन्ही प्लेन जिथे मिळतात त्या रेषेभोवती एक प्लेन फिरवायची, म्हणजे दोन्ही प्रतिमा एकाच सपाट कागदावर येतात. ती मधली रेषा म्हणजेच आपली एक्स-वाय लाइन! ह्या दोन प्रतिमा एकमेकींशी अशा बांधलेल्या असतात, की त्यांच्यावरून वस्तूची खरी लांबी, खरा कोन, दोन आकार एकमेकांना कुठे छेदतात, सगळं कंपास-पट्टीने काढता येतं.

मोंजच्या आधी कुणी प्लॅन आणि एलेव्हेशन काढतच नव्हतं असं मात्र नाही. दगड घडवणारे आणि सुतार शेकडो वर्षं असल्या युक्त्या वापरत होते. फ्रेझिए नावाच्या फ्रेंच इंजिनियरने तर १७३७ ते १७३९ मध्ये दगडकामाच्या भूमितीवर मोठा ग्रंथ लिहिला होता. पण कमानीची युक्ती वेगळी, जिन्याची वेगळी, घुमटाची वेगळी, असा तो कारभार होता. प्रत्येक धंद्याची आपली गुपितं. मोंजने त्या सगळ्यांच्या मुळाशी असलेली एकच गोष्ट काढून दाखवली. किल्ला असो, दगड असो, मशीनचा पार्ट असो की जमिनीवर पडलेली सावली, पद्धत एकच. हिलाच डिस्क्रिप्टिव्ह जॉमेट्री म्हणतात.

एवढा मोठा शोध, पण तो बाहेर आलाच नाही! किल्ले बांधायचं हे हत्यार शत्रूच्या हाती लागू नये म्हणून ते लष्करी गुपित ठरवण्यात आलं. जवळजवळ तीस वर्षं मोंजला ते मेझिएरच्या भिंतींबाहेर उघडपणे शिकवता आलं नाही. आपल्याला हा विषय नकोसा होतो आणि त्या काळी लोकांना तो मिळत नव्हता!

१७६९ च्या सुमारास मोंज मेझिएरला गणिताचे प्राध्यापक झाले. तेव्हा इथून पुढे त्यांना मोंजसर म्हणू या. लाझार कार्नो त्यांच्या हाताखाली तिथेच शिकले. पुढे फ्रान्सच्या क्रांतिकाळात सैन्य उभं करणारे ते हेच, आणि थर्मोडायनॅमिक्समध्ये आपल्याला छळणाऱ्या कार्नो सायकलवाल्या सादी कार्नोचे वडीलही हेच!

मोंजसर एका विषयात अडकणारे नव्हते. १७७७ मध्ये त्यांचं लग्न कातरीन ह्युआर ह्या विधवा बाईंशी झालं. बाईंच्या मालकीचा लोखंडाचा कारखाना होता. त्यामुळे सरांना भट्टी आणि धातू जवळून बघायला मिळाले. १७८६ मध्ये त्यांनी बेर्तोले आणि व्हांदरमोंद ह्या दोघांबरोबर एक निबंध लिहिला. त्यात बीड, पोलाद आणि साधं लोखंड ह्यांतला फरक कार्बनमुळे पडतो हे मांडलं. मेटलर्जीचा आयर्न-कार्बन डायग्रॅम पाठ करताना हे जरूर आठवावं. १७८३ मध्ये मेझिएरच्या लॅबमध्ये त्यांनी हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी तयार करून दाखवलं. त्याच सुमारास पॅरिसमध्ये लव्हाझिए तोच प्रयोग करत होते.

सिव्हिलवाल्यांसाठी आणखी एक. एका जागची माती खणून दुसऱ्या जागी भराव घालायचा असेल, तर कुठली माती कुठे नेली म्हणजे वाहतूक सगळ्यात कमी पडेल, हा प्रश्न मोंजसरांनी १७८१ मध्ये गणितात मांडला. पुढे विसाव्या शतकात कांतोरोविच ह्या रशियन गणितज्ञाने त्याला नवं रूप दिलं. साधनसामग्रीच्या उत्तम वाटपावरच्या कामासाठी त्यांना १९७५ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आज मशीन लर्निंगमध्येही हे गणित वापरलं जातं. मातीच्या पाट्या वाहण्यापासून निघालेलं गणित कॉम्प्युटरवाल्यांच्या लॅबपर्यंत पोचलं!

१७८० मध्ये सर पॅरिसच्या विज्ञान अकादमीवर निवडून आले. १७८३ मध्ये नौदलाच्या विद्यार्थ्यांचे परीक्षक झाले आणि पुढच्या वर्षअखेर त्यांनी मेझिएर सोडलं. मग १७८९ ची राज्यक्रांती आली. जन्मामुळे दारात अडवला गेलेला माणूस कुठल्या बाजूने उभा राहणार हे वेगळं सांगायला नको. ऑगस्ट १७९२ ते एप्रिल १७९३ ते फ्रान्सचे नौदलमंत्री होते. राजाला मृत्युदंड दिला गेला तो ह्याच काळात, जानेवारी १७९३ मध्ये. त्याची किंमत त्यांना पुढे चुकवावी लागली.

मंत्रिपद सुटल्यावर त्यांना त्यांच्या आवडीचं काम मिळालं. फ्रान्सला चहूबाजूंनी शत्रूंनी घेरलं होतं. तोफा नाहीत, दारूगोळा नाही, बाहेरून माल येत नाही. मोंजसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चर्चच्या घंटा वितळवून धातू काढला, तळघरांच्या मातीतून सोरा काढायला लोकांना शिकवलं. देशभरातून माणसं पॅरिसला बोलावून त्यांना थोड्या दिवसांचा कोर्स दिला आणि कामाला परत पाठवलं. तोफा कशा ओतायच्या, कशा भोक पाडून तयार करायच्या, ह्यावर सरांनी १७९४ मध्ये आकृत्यांसकट एक पुस्तक लिहिलं. ते अकादमीच्या पंडितांसाठी नव्हतं. फाउंड्रीत उभ्या असलेल्या माणसासाठी होतं. आपल्या वर्कशॉपच्या मामांना हातात देता येईल असं!

ह्यातूनच त्यांचं सगळ्यात मोठं काम उभं राहिलं. देशाला इंजिनियर हवे होते आणि ते फक्त उमरावांच्या घरातून येऊन चालणार नव्हतं. १७९४ मध्ये पॅरिसला नवी शाळा निघाली, तीच पुढच्या वर्षी एकोल पॉलिटेक्निक झाली. प्रवेश परीक्षेवर, कुळावर नाही. तिच्या उभारणीत मोंजसर अग्रभागी होते आणि सुरुवातीच्या अभ्यासक्रमात त्यांच्या भूमितीला मोठी जागा होती. तिथली एक पद्धत मला फार आवडली. विद्यार्थ्यांचे साधारण वीस-वीसचे गट करायचे आणि प्रत्येक गटावर एक तयार विद्यार्थी नेमायचा. त्याने बाकीच्यांच्या शंका सोडवायच्या. ह्या गटप्रमुखांना मोंजसर स्वतः आधी शिकवून तयार करत. म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री सीनियरच्या रूमवर जी गर्दी जमते ना, तीच गोष्ट, पण वर्षभर आणि वेळापत्रकात!

ह्या शाळेतून पहिल्या वीस वर्षांत कोण बाहेर पडले बघा. प्वासाँ (पॉयसन्स रेशोवाले), नेव्हिए (फ्लुइड्सच्या पेपरमधले नेव्हियर-स्टोक्स), कोशी, फ्रेनेल, कोरिओलिस आणि सादी कार्नो. आपली अर्धी टेक्स्टबुकं ह्या एका कॉलेजच्या हजेरीपटावरून निघालेली आहेत!

लष्करी गुपितही आता सुटलं. १७९५ मध्ये शिक्षक तयार करण्यासाठी पॅरिसला निघालेल्या शाळेत मोंजसरांनी आपली भूमिती पहिल्यांदा उघडपणे शिकवली. लेक्चर शॉर्टहँडमध्ये उतरवून घेऊन छापली जात. १७९९ मध्ये त्यांचं पुस्तक झालं. पुढे क्लॉड क्रोझे ह्या पॉलिटेक्निकच्या माजी विद्यार्थ्याने ती अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत नेली. कारखाना एका गावात आणि ड्रॉइंग काढणारा दुसऱ्या गावात, तरी पार्ट बरोबर बनतो, ह्यामागे ही कागदावरची भाषा आहे.

१७९६ मध्ये इटलीत मोंजसरांची आणि नेपोलियनची चांगलीच गट्टी जमली. १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तवर स्वारीला निघाला तेव्हा बावन्न वर्षांचे सर त्याच्याबरोबर जहाजावर चढले. कैरोत स्थापन झालेल्या संशोधन संस्थेचे ते पहिले अध्यक्ष. वाळवंटात तहानलेल्या सैनिकांना समोर पाणी दिसायचं आणि जवळ गेलं की गायब व्हायचं. तापलेल्या हवेच्या थरांमुळे प्रकाश वळतो म्हणून असं मृगजळ दिसतं, हे त्यांनी तिथे समजावून सांगितलं. १७९९ मध्ये ते नेपोलियनबरोबरच फ्रान्सला परतले. पुढे सिनेटर झाले, १८०८ मध्ये काउंट ही पदवीही मिळाली. उमराव नाही म्हणून दाराबाहेर ठेवलेला मुलगा शेवटी स्वतःच उमराव झाला!

पण नेपोलियन पडला आणि चित्र पालटलं. राजघराणं परत आलं. १८१६ मध्ये मोंजसरांचं नाव अकादमीतून काढून टाकण्यात आलं. त्याच वर्षी सरकारने पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांना घरी पाठवून शाळा काही काळ बंद ठेवली. सरांची तब्येत आणि मन दोन्ही खचत गेलं. २८ जुलै १८१८ रोजी पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं.

आता हिशोब मांडायचा तर एक गंमत दिसते. नेमून दिलेल्या पद्धतीचा जाच मोंजने विसाव्या वर्षी मोडला आणि त्याची स्वतःची पद्धत पुढे दोनशे वर्षं जगभरच्या पोरांना नेमून दिली गेली! आज तीही मागे पडते आहे. मोंजसर दोन व्ह्यूंवरून मनात घन आकार उभा करायला शिकवत. आजचं सॉफ्टवेअर आधी घन आकार उभा करतं आणि व्ह्यू त्यातून आपोआप काढून देतं. पण त्या व्ह्यूमागचं गणित अजूनही प्रोजेक्शनचंच आहे. म्हणून ड्रॉइंग येणाऱ्याला सॉफ्टवेअर कुठे कमी पडतंय हे चटकन कळतं. नुसत्या कमांड पाठ करणाऱ्याला ते कळत नाही. आपल्याला जर कधी सॉफ्टवेअरशी भांडायचं असेल, तर आधी मूठ, दगड किंवा किल्ला नीट ओळखीचा हवा. मोंजचा तो होता.

आज आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांमध्ये मोंजचं नाव आहे. १९८९ मध्ये फ्रान्सने त्यांचे अवशेष पॅरिसच्या पॅन्थिऑनमध्ये सन्मानाने नेऊन ठेवले. पण मला ह्यापेक्षा १८१८ ची गोष्ट जास्त लक्षात राहिली. सरांच्या अंत्ययात्रेला जाण्याची परवानगी पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांनी मागितली होती आणि सरकारने ती नाकारली. पोरांनी त्या दिवशी हुकूम पाळला. मग सुट्टी मिळाल्याबरोबर सगळी मिळून पेर लाशेज कबरस्तानात गेली आणि आपल्या सरांच्या थडग्यावर फुलं वाहून आली.